रात्रपाळीचे काका उद्यापासून येणार नाहीत

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. मोठं होईल, इलाज नाही.

परवा रात्री साडेबाराच्या सुमारास आमच्या पार्किंगमध्ये एक नवरा बायकोला मारत होता. सोसायटीचाच मेंबर, भाडेकरू नाही (सांगावं लागतंय कारण ग्रुपवर पहिला प्रश्न तोच आला). रात्रपाळीच्या वॉचमन काकांनी काय केलं, तर लांबूनच टॉर्च मारला, "साहेब हात खाली घ्या, कॅमेरा चालू आहे" म्हणून जोरात ओरडले, मागच्या गेटवरच्या पोराला हाक मारली, ११२ ला फोन लावला, आणि त्या ताईंना केबिनमध्ये बसवून स्वतः दारात उभे राहिले. कुणाच्या अंगाला हात लावला नाही, शिवी दिली नाही, काठी केबिनमध्येच होती. आणि आज कमिटीने एजन्सीला कळवलं की गार्ड बदलून द्या, "मेंबरच्या घरगुती मामल्यात पडतो".

घरगुती मामला!! हा शब्द मला लहानपणापासून माहितीये. माझे बाबा गिरणीत होते, १९८२ च्या संपात काम गेलं ते गेलंच, मग दादरला एका बिल्डिंगमध्ये वॉचमन म्हणून लागले. एका रात्री दुसऱ्या मजल्यावरून बाईचा ओरडा आला. बाबा पहिल्या मजल्यापर्यंत चढले, आणि तिथूनच खाली आले. कारण महिन्याभरापूर्वीच तिथल्या सेक्रेटरींनी दम दिला होता, तुझं काम गेटवर, वर काय चाललंय ते तू बघायचं नाही. सकाळी त्या वहिनी हात गळ्यात बांधून जिना उतरल्या. रोज संध्याकाळी बाबांना चहा पाठवणाऱ्या वहिनी.

मला एवढंच म्हणायचंय की घर कुणाचं, नातं काय, हे गार्डने बघूच नये. आत्ता या मिनिटाला कुणाला मार बसतोय का, कुणाच्या जिवावर बेततंय का, एवढं बघावं. नुसती तोंडातोंडी असेल तर दिसेल असं उभं राहावं, रजिस्टरमध्ये वेळ लिहावी, सेक्रेटरीला उठवावं. मारामारी असेल तर आधी आवाज, मग माणसं, मग पोलीस. हात सगळ्यात शेवटी, तेही कुणाला वाचवायलाच. आणि समोरच्याच्या हातात चाकूबिकू असेल तर एकट्याने मध्ये जायचंच नाही, बारा तासांची ड्युटी करणाऱ्या माणसाने आपल्यासाठी जीव द्यावा असं म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

काकांनी नेमकं हेच केलं होतं. त्यांना कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा आहे, केंद्राच्या नमुना नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष असं ट्रेनिंग लिहिलंय, त्यात प्रथमोपचार, स्वसंरक्षणाचा हक्क, पोलिसात तक्रार कशी द्यायची, सगळं आहे. आपल्यापैकी किती सोसायट्यांनी एजन्सीला विचारलं की हे झालंय का? आपण विचारतो महिन्याला किती घेणार. आणि पहिल्या दिवशी शिकवतो काय, तर डिलिव्हरीच्या पोराला मेन लिफ्टने सोडू नको. त्या पोराला अडवलं नाही तर ग्रुपवर बोंब, आणि बाई मार खात असताना अडवलं तर नोकरी जाणार. लाज वाटते मला.

हो, काही गार्ड माजतात, संशयावरून पोरांच्या कॉलरला धरतात, कानाखाली देतात, ते चूकच. गार्ड म्हणजे पोलीस नाही. डोळ्यासमोर दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा घडला तर पकडायचा अधिकार तुम्हाआम्हाला आहे तेवढाच त्याला, नवीन नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४० आहे, सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. बदडायचा अधिकार कुणालाच नाही. पण आमच्या काकांनी बोटसुद्धा लावलं नाही हो!

दुपारी त्यांना फोन केला. मला वाटलं रडतील, चिडतील. ते म्हणाले, "ताई, त्या बऱ्या आहेत ना?" पुढे मला बोलताच आलं नाही.

बाबांचा चहा त्या रात्रीनंतरही येत होता. त्या वहिनींनी कधी विचारलंही नाही की तुम्ही वर का नाही आलात. बाबा कप घ्यायचे, आणि त्या आत गेल्या की कोपऱ्यातल्या तुळशीशेजारी ओतून द्यायचे. मी स्वतः बघितलंय, शाळेतून डबा द्यायला जायचे तेव्हा. शेवटच्या आजारपणातसुद्धा म्हणाले होते, अजून बाराच पायऱ्या होत्या गं.

रविवारी सकाळी दहाला बी विंगच्या खाली मी कागद घेऊन बसणार आहे, काकांना परत बोलवा म्हणून. कमिटीतल्यांनीही ही पोस्ट वाचावी, मुद्दाम पब्लिक ठेवलीये. त्या ताईंचं नाव कागदावर नसेल, कमेंटमध्येही कुणी टाकू नका, दिसलं की लगेच डिलीट करेन.