‘जावाडॉकला क्लासपाथ कशाला?’ : फिरत्या मेसेजला उत्तर

महिनाभरात हा मेसेज मला नागपुरातल्या परसोडीच्या आयटी पार्कातल्या मित्राने पाठवला, मिहानमधल्या जुन्या सहकाऱ्याने पाठवला, आणि परवा आमच्याच टीमच्या ग्रुपवर आला. जावाडॉक म्हणजे जावा कोड आणि त्यातल्या कॉमेंट्सवरून डॉक्युमेंटेशनची पानं बनवणारं टूल, आणि क्लासपाथ म्हणजे क्लास जिथे शोधायचे त्या जारांची (तयार जावा कोडच्या पॅकबंद फाइलींची) यादी. मजकूर थोडक्यात असा : ‘जावाडॉक फक्त कॉमेंट्स वाचतं, त्याला क्लासपाथ लागत नाही. कोड कंपाइल झाला म्हणजे डिपेन्डन्सी (लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी) बरोबर आहेत. तरी बिल्ड लाल झाली तर डॉकलिंट बंद करा, लिंक द्या, फेलऑनएरर फॉल्स करा.’ डॉकलिंट ही कॉमेंट्सची तपासणी, लिंक हा दुव्यांचा पर्याय, आणि फेलऑनएरर फॉल्स म्हणजे एरर आली तरी बिल्ड पाडू नको.

‘फक्त कॉमेंट्स वाचतं’ हे मुळातच चूक. जावाडॉकच्या पोटात जावाचाच कंपायलर बसलेला आहे. एखादी मेथड काय परत करते, क्लासला वारशाने काय मिळालं, हे पानावर लिहायचं तर त्याला ते टाइप (क्लास, इंटरफेस वगैरे) सापडावे लागतात. जार क्लासपाथवर नसेल तर ‘पॅकेज अस्तित्वात नाही’ अशी ओळ येणारच.

‘कंपाइल झाला म्हणजे बरोबर’ यावर आमचा ज्युनिअरही अडून बसला होता. “सर, लोकलवर कंपाइल तर होऊन राहिलं ना, मग जावाडॉक काहून रडते?” त्याचं कंपाइल खरंच होत होतं. पण कंपायलर कॉमेंटच्या आत डोकावत नाही. कॉमेंटमध्ये कुणी दुसऱ्या मॉड्यूलमधल्या क्लासचं पूर्ण नाव देऊन लिंक टाकली असेल आणि ते मॉड्यूल डिपेन्डन्सीत नसेल, तर कंपायलर गप्प बसतो, जावाडॉक मात्र ‘रेफरन्स नॉट फाउंड’ म्हणतं.

ज्युनिअरची अडचण याहून तिरकी निघाली. स्प्रिंग ५ या जावा फ्रेमवर्कच्या नलेबल अ‍ॅनोटेशनवर (अ‍ॅनोटेशन म्हणजे कोडला लावलेली खूणचिठ्ठी) जेएसआर-३०५ या वेगळ्या लायब्ररीमधलं नॉननल लावलेलं आहे, आणि त्यात व्हेन नावाच्या इनमचा (ठरावीक पर्यायांच्या टाइपचा) उल्लेख येतो. जेएसआर-३०५ ची जार स्प्रिंग सोबत आणत नाही. कंपायलर ‘व्हेनची क्लास फाइल सापडली नाही’ असा इशारा देऊन पुढे जातो. आमचं जावाडॉक तिथेच आडवं झालं. पॉममध्ये, म्हणजे मेव्हन या बिल्ड टूलच्या सेटिंग फाइलमध्ये, ती जार प्रोव्हायडेड स्कोपने (कंपाइलला हवी, पण सोबत पाठवायची नाही) टाकली आणि काम झालं. प्रोव्हायडेड असलं तरी मेव्हनचा जावाडॉक प्लगिन ती जार बघतो. दिसत नाही ती टेस्ट स्कोपवाली (फक्त चाचण्यांसाठीची). पॉमला हात लावायचा नसेल तर प्लगिनमध्येच ‘अ‍ॅडिशनल डिपेन्डन्सीज’ची सोय आहे.

लोम्बॉक (नेहमीचा कोड आपोआप बनवणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. जावाडॉक अ‍ॅनोटेशन प्रोसेसर (कंपाइल होताना अ‍ॅनोटेशन वाचून कोड बनवणारा भाग) चालवत नाही, त्यामुळे लोम्बॉकने बनवलेले गेटर आणि बिल्डर त्याच्यासाठी नसतातच. तिथे कितीही जार ओता, आधी डिलोम्बॉक करावंच लागतं, म्हणजे तो बनणारा कोड सोर्समध्ये उघडा लिहून घ्यावा लागतो.

डॉकलिंटबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. २०१४ मध्ये जावा ८ सोबत ही तपासणी आपोआप सुरू झाली आणि जुन्या प्रोजेक्टांत एका ‘बीआर’ टॅगमधल्या तिरप्या रेघेपायी बिल्डी पडल्या, म्हणून लोकांनी ती बंद करून टाकली. राग समजतो. पण डॉकलिंट कॉमेंटमधला एचटीएमएल, सुटलेले पॅरामीटर आणि चुकलेल्या लिंका तपासतं. इम्पोर्ट सापडला नाही तर ते बंद ठेवून काही उपयोग नाही.

लिंकचा पर्याय दुसऱ्याच कामाचा. दुसऱ्या लायब्ररीच्या प्रकाशित जावाडॉक पानांकडे दुवा कसा जोडायचा, एवढंच तो सांगतो. टाइप ओळखायला जारच लागते.

राहिलं फेलऑनएरर. मेसेजमधला सर्वांत महागडा सल्ला हाच. एका रिलीजला मीच तो पाळला होता. बिल्ड हिरवी, सगळे तर्री-पोहे खायला बाहेर. संध्याकाळी क्लायंटचा फोन आला की डॉक्युमेंटेशनच्या जारमध्ये काहीच नाही. एरर आली तेव्हा जावाडॉकने पानं बनवलीच नव्हती, आणि आम्हीच मेव्हनला ‘बोलू नको’ म्हणून बजावलं होतं.

मल्टिमॉड्यूल प्रोजेक्टात नुसतं अ‍ॅग्रिगेट (सगळ्या मॉड्यूलांचं एकत्र जावाडॉक) चालवलं तर शेजारची मॉड्यूल कधीकधी अजून तयारच नसतात, आणि मेव्हन त्यांच्या जारा रिपॉझिटरीत शोधत बसतो. आधी पॅकेज (जारा बांधणं), मग अ‍ॅग्रिगेट.

आता जावाडॉक पडलं की मी आधी पानं जिथे बनतात त्या एपीआयडॉक्स फोल्डरमधली ऑप्शन्स नावाची फाइल उघडतो. बिल्ड फसली की प्लगिन तिचा पत्ता स्वतःच सांगतो. तिच्यात क्लासपाथची एक लांबलचक ओळ असते. एररमधल्या पॅकेजची जार त्या ओळीत शोधायची. त्या दिवशी ज्युनिअरने तीन वेळा शोधलं आणि म्हणाला, “सर, जेएसआर तर इथं नाहीच ना.”