मणक्यांचा हिशेब

परवापासून आमच्या मजल्यावर माझ्या चित्राला 'स्लिप डिस्क' म्हणतात. आडून नव्हे, तोंडावर. "काय, स्लिप डिस्क वाळली का?"

नाही वाळली. जुलै महिना आहे, इथे टॉवेल वाळत नाहीत. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, हे ज्याला समजावलं त्याने "मग पंखा लाव" असंच सांगितलं.

क्लासचे सर म्हणाले, तैलरंग शिकायचेत ना, मोठ्यांची नक्कल करा. मी फ्रेंच चित्रकार अँग्रची 'ग्रांद ओदालिस्क' घेतली. १८१४ची, पॅरिसच्या लूव्रमधली. पाठमोरी पहुडलेली बाई, मान वळवून बघतेय, हातात मोरपिसांचा पंखा, अंगावर काही नाही. टर्पेंटाइनच्या वासाने सासूबाईंचं डोकं उठतं, म्हणून ईझल चाळीच्या गॅलरीत. सासूबाईंनी मोरपिसं वाखाणली आणि बाकीच्या बाईवर नॅपकिन टाकला. ओल्या रंगावर! त्याबद्दल मी बोलणारच नाही.

एक्स-रेकाका मात्र लाजले नाहीत. उभा जन्म एक्स-रे विभागात गेलेला. त्यांना कपडे दिसतच नाहीत, थेट हाडं दिसतात.

"सूनबाई, हिला दुखतंय कुठे?"

"दुखत नाहीये काका, पहुडलीय."

"अशी पहुडली तर उठायची नाही." रंगापासून बोटभर अंतरावर बोट धरून ते मानेपासून खाली आले. "कमरेचे मणके पाच. एखाद्याला सहा निघतात. इथे मला आठ लागतायत."

मी म्हटलं, मूळ चित्रातच तसं आहे. १८१९मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं तेव्हाही टीकाकार ओरडले होते, तीन मणके जास्त म्हणून.

"म्हणजे तेव्हाच कळलं होतं! मग दुरुस्त का नाही केलं?"

"मुद्दाम आहे ते. पाठीची रेष लांब वाहावी म्हणून."

"त्याने केलं मुद्दाम. तू कशाला केलंस?"

"नक्कल आहे ना काका!"

"अगं, पण शेजारच्याचं चुकलेलं उत्तरसुद्धा उतरवायचं? आमच्या वेळी असलेच पकडले जायचे."

एव्हाना दोन्ही टोकांच्या खोल्या बाहेर आलेल्या, इस्त्रीवाल्याचा पोरगा गठ्ठा खाली ठेवून उभा. मला गप्प बसवेना. मी सांगून टाकलं की २००४मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी मापं घेऊन ठरवलं, तीन नव्हे, पाच जास्त आहेत. काका लोकांकडे वळले. "पाच!" जणू त्यांनीच शोधले.

मला लागलं ते वेगळंच. ती पाठ मी चौकटी आखून उतरवलीय. खाली बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाचा पातळ थर, त्यावर तेल वाढवत वाढवत अंगाचा रंग, कारण उलट केलं तर पुढे तडे जातात. या बाईच्या पाठीवर सावली नावालाच आहे. एवढ्याशा गडद-फिक्यावर गोलाई आणताना माझे डोळे फुटायची वेळ आली. माझ्या हातून चुकून कंबर आखूड झाली असती तर मजल्याने शाबासकी दिली असती. १८५७पासून या शहरात जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे, तिथे ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून पिढ्यान्‌पिढ्यांनी हात बसवला. आमच्या चाळीत कॉपी म्हटलं की अजून दहावीचं सेंटर. आणि हेच लोक प्रिंट दिवाणखान्यात लावतात, तेव्हा कोणाची बोटं मोजत नाहीत.

काल सकाळी गॅलरीच्या दोरीवर, ईझलच्या शेजारी, चिमटा लावून एक एक्स-रे टांगलेला. काका खाली वाट बघतच होते.

"हे काढ. अंगावर कपडे नाहीत आणि चूकही नाही."

सासूबाईंना तो माझ्या चित्रापेक्षा बरा वाटला. फिल्म काकांच्या मेव्हणीच्या कमरेची आहे. त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांना कोणी विचारलं नसावं, कारण संध्याकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा काकांना सोडून माझ्याकडेच रागाने बघत गेल्या.