मुंग्या नाहीत, म्हणून शुगर नाही?

मावशीने परवा घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. ‘शुगर झाली की शरीर आधीच सांगतं. लघवीला मुंग्या लागतात, सारखी तहान लागते. माणूस जाडा आणि गोडखाऊ असतो. यातलं काही नसेल तर निश्चिंत राहा, रक्त तपासणं म्हणजे लॅबवाल्यांची धन.’ खाली ओळीने जोडलेले हात.

आधी मुंग्या. खूण खोटी नाही, चरकसंहितेतही ती आहे. पण मूत्रपिंड साखर सहजी सोडत नाही. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मगच ती लघवीत उतरते. मधुमेहाचं निदान मात्र उपाशीपोटी १२६ लाच होतं. मधल्या पट्ट्यात माणूस वर्षानुवर्षं काढतो आणि न्हाणीघरात एक मुंगी फिरकत नाही. तहानेचंही तेच. लघवीत गेलेली साखर सोबत पाणी ओढून नेते, म्हणून रात्री उठावं लागतं आणि घसा कोरडा पडतो. मेसेज ज्याला ‘आधी’ म्हणतो ते बऱ्याचदा उशिराचं असतं. (लहान मुलांची गोष्ट वेगळी. अंथरूण ओलं करणं सुटलेलं पोर पुन्हा करू लागलं, भसाभसा पाणी पिऊ लागलं, वाळू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.)

आमच्या मामाची शुगर कळली ती चष्म्याच्या दुकानात. सहा महिन्यांत दोनदा नंबर बदलला. काचा चुकीच्या बसवल्या म्हणून तो भांडायलाच गेला होता. दुकानदाराने शांतपणे विचारलं, ‘काका, शुगर कधी बघितलीत?’ साखर वरखाली झाली की डोळ्याचं भिंग फुगतं आणि नंबर हलतो. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी २१२ निघाली. मामा काडीपैलवान, चहासुद्धा बिनसाखरेचा. त्याच्या मुलाच्या मानेवर काळा, मखमलीसारखा पट्टा होता. मामी तो मळ समजून डाळीच्या पिठाने घासायची. इन्शुलिनला शरीर दाद देईनासं झाल्याची ती खूण असू शकते.

‘जाडा’ हा मुद्दा तर पुण्यातच निकालात निघालाय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे सडपातळ माणसाचंही पोट आत साठवत असतं. म्हणून काट्याआधी कंबर मोजावी: पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८०.

गोडाचं थोडक्यात: एकट्या साखरेने मधुमेह होत नाही. भात-पोळीचीही शेवटी साखरच होते. आनुवंशिकता, पोट आणि दिवसभराचं बसणं यांचा हिशेब मोठा.

राहिली लॅबवाल्यांची धन. तिशीपुढच्यांची शुगर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात, त्यात कोणाची धन? बोटाच्या टोचणीत जास्त निघाली तर उपाशीपोटीची किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी करून खात्री करायची. एचबीए१सी ६.५ टक्के किंवा वर म्हणजे मधुमेह, ५.७ पासून ६.४ पर्यंत मधुमेहाचा उंबरठा.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं, तर मावशीचा फोन आला. शिलाई मशीनवरची टेप तिच्या हाताशीच होती. ‘अरे, ब्याण्णव भरतेय. सकाळी चहा न घेता जायचं ना?’

‘हो, आणि मामीने दिलेला लाडूही नको.’