स्लेव्ह फुकट आहे खरा, पण तो कुणाच्याही इशाऱ्यावर पेटतो

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की स्लेव्ह, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसला की आपला फ्लॅश पेटवणारा डोळा, फ्लॅशमध्ये आयताच मिळतो, तुम्ही मिरजेच्या स्टुडिओत वीस वर्षं त्याच्यावरच काम काढलंत, आणि मी नव्या पोरांना उगाच रेडिओ ट्रिगरच्या, म्हणजे कॅमेऱ्यावरून रेडिओ सिग्नलनं दूरचा फ्लॅश पेटवणाऱ्या यंत्राच्या, खर्चात पाडतोय. तेवढ्या पैशांत छत्री आणि दणकट स्टँड येतो.

छत्री-स्टँडचं एकदम मान्य. स्टुडिओचंही मान्य. चार भिंती, पांढरं छत, दुसऱ्या कुणाचा फ्लॅश नाही, तिथं स्लेव्हचा डोळा सहसा चुकत नाही. मूळ लेखात मी त्याला एका ओळीत निकालात काढलं, ती माझी चूक. एस-१ आणि एस-२ या स्लेव्हच्या दोन सेटिंगमधला फरक तरी सांगायला हवा होता. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवर (कॅमेराच उजेड मोजून फ्लॅशची ताकद ठरवतो) असला की तो खऱ्या उजेडाआधी एक बारीक प्री-फ्लॅश सोडतो. एस-१वरचा स्लेव्ह त्यालाच भुलून आधीच पेटतो आणि फोटोत त्याचा उजेड येतच नाही. एस-२ तो पहिला झटका सोडून देतो. ‘स्लेव्ह बिघडलाय’ म्हणून दुकानात परत घेऊन जाणारी बरीच पोरं इथंच फसलेली असतात.

पण दादा, आताची पोरं स्टुडिओत शिकतात कुठं? ती थेट लग्नात उतरतात. मीही तसाच उतरलो होतो, सांगलीत विश्रामबागेतल्या एका कार्यालयात, तुमच्यासारखाच स्लेव्हवर विसंबून. मी मुलाकडचा, मुलीकडचा फोटोग्राफर वेगळा. त्यानं फ्लॅश मारला की माझा कोपऱ्यातला फ्लॅशही पेटायचा. देवक, रुखवत, मामा, मावश्या, सगळ्यांना माझ्याच सेलवर उजेड. शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, मी बटण दाबलं आणि कोपरा अंधारा. फ्लॅशचं झाकण उघडलं तर चारही सेल हातात धरवेनात. नवरी डाव्या बाजूनं अर्धी काळी. तो अल्बम मी अजून कुणाला दाखवत नाही.

रेडिओवर हे होत नाही, असं मात्र म्हणणार नाही. हल्ली दोघांकडंही गोडॉक्स कंपनीचाच ट्रिगर असतो, दोघांचाही चॅनल एक, म्हणजे पुन्हा तीच गत. त्या कंपनीच्या एक्स सिस्टिममध्ये ३२ चॅनल आहेत आणि वर ०१ ते ९९ आयडी लावता येतो. कार्यालयात शिरल्या शिरल्या आयडी बदलायचा, मग चहा. दुसरं म्हणजे हा सिग्नल २.४ गिगाहर्ट्झचा. माणसाच्या अंगातलं पाणी तो शोषून घेतं. वऱ्हाडाच्या गर्दीत स्टँड कमरेइतका ठेवला तर ट्रिगर कितीही भारी असो, फ्लॅश मधूनमधून दगा देणारच. डोक्यांच्या वर उचला.

आणि उन्हाचं काय? वाईजवळ मेणवलीच्या घाटावर प्री-वेडिंगला दुपारी उभं राहा. भर उन्हात १०० आयएसओला अॅपर्चर एफ १६ आणि शटर १/१०० सेकंद हा आपला जुना हिशेब. पाठीमागचं देऊळ धूसर करायला एफ २.८ घेतलं की शटर १/३२०० वर जातं. साधा स्लेव्ह तर तिथं उन्हानंच आंधळा होतो, आणि पेटला तरी १/२०० किंवा १/२५० च्या वर फ्रेममध्ये काळी पट्टी. हाय स्पीड सिंक, म्हणजे एवढ्या वेगवान शटरलाही फ्लॅशचा उजेड पूर्ण फ्रेमभर देणं, कळणारा ट्रिगर तिथं लागतोच. त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते, म्हणून फ्लॅश जोडप्याच्या जवळ न्यावा लागतो, एवढं ध्यानात ठेवायचं.

टीटीएलबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यावर मी माघार घेतो. स्टँड एका जागी असेल तर मॅन्युअलच बरं. टीटीएल पांढऱ्या शालूला एक उजेड देतो आणि काळ्या शेरवानीला दुसरा, मग एडिटिंगला रात्र जाते.

तेव्हा नव्या पोरांसाठी मूळ लेखात दुरुस्ती करतोय. घरात वस्तूंचे, बाळाचे फोटो काढणाऱ्यानं स्लेव्ह वापरावा, पैसे छत्रीत घालावेत. लग्नाचे फोटो काढणाऱ्यानं रेडिओ रिसीव्हर आतच असलेला फ्लॅश घ्यावा आणि त्याच कंपनीचा, आपल्या कॅमेऱ्याच्या मेकचा ट्रिगर. कॅननचा ट्रिगर सोनीवर नीट चालत नाही, हे दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही.

एक विचारायचं राहिलं. सॉफ्टबॉक्स लावल्यावर स्लेव्हचा डोळा झाकला जातो, तेव्हा तुम्ही तो छतावरच्या उजेडानं उठवता की फ्लॅशच फिरवून ठेवता?