एक स्टार देणाऱ्या सदस्याला मानपाड्याच्या जिमच्या मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. संध्याकाळी गर्दी, ट्रेनर पर्सनल ट्रेनिंगसाठी मागे लागतो, 18 टक्के जीएसटी लावला आणि सोडून गेल्यावरही हप्ता कापला जातोय, म्हणजे आम्ही पैसे बुडवले, असं तुमचं म्हणणं.

गर्दीचं खरं आहे. सात ते नऊ या वेळेत स्क्वॉट रॅकला नंबर लावावा लागतो. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून सुटलेला प्रत्येक जण त्याच वेळी पोचतो. तुम्ही ट्रायलला सकाळी अकराला आलात, तेव्हा फ्लोअर रिकामा होता. जॉइन करणाऱ्यांना मी सांगतोच, रोज ज्या वेळी येणार त्याच वेळी ट्रायल घ्या. जमत नसेल तर सोडणं हा तुमचा हक्क, त्यात वाद नाही. ट्रेनरला समज दिली आहे. जीएसटी मात्र पावतीवर 5 टक्केच आहे, एकदा बघा. जिमचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 वर आला आणि तुम्ही त्यानंतर आलात. (त्या बदल्यात मशिनांवर भरलेल्या जीएसटीची वजावट आम्हाला मिळत नाही, पण ती आमची डोकेदुखी.)

आता हप्ता. वर्षाचे 15,000 तुम्ही नो-कॉस्ट ईएमआयवर भरलेत, म्हणजे फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलंत. महिन्याला 1,250 तिच्याकडे जातात, आमच्याकडे नाही. जिमला येणं बंद केलं म्हणून कर्ज बंद होत नाही. आणि कृपा करून बँकेत जाऊन ऑटो-डेबिट बंद करू नका. हप्ता बाउन्स होईल, दंड लागेल, सिबिल बिघडेल, आणि भांडण मात्र जिमशीच राहील.

तुम्ही फ्लोअरवर ट्रेनरला "बंद करतोय" म्हणालात, त्याने मान डोलावली. करारात काउंटरवर लेखी फॉर्म लागतो असं आहे. तरीही फॉर्मची तारीख न धरता हजेरीच्या मशीनवरची तुमची शेवटची नोंद धरली, ते तीन महिने भरतात. तीन महिन्यांचं पॅकेज 6,000 ला आहे, रिसेप्शनच्या फळ्यावर लिहिलंय. उरले 9,000. ते तुमच्या हातात न येता कर्जखात्यात जातील. तुम्ही तीन हप्त्यांत 3,750 भरलेत, म्हणजे 11,250 बाकी. त्यातून 9,000 गेले की 2,250 तुमच्याकडून येणं राहतं. खरी तक्रार या 2,250 ची आहे, असं मला वाटतं.

तुमचं म्हणणं, वर्षाच्या भावाने तीन महिन्यांचे 3,750 च धरा. ते मला मान्य नाही. तो भाव वर्षभर राहणाऱ्यासाठी आहे. तसं केलं तर जानेवारीत सगळे वर्षाचं पॅकेज घेतील आणि एप्रिलमध्ये हिशेब मागतील, मग तीन महिन्यांचं पॅकेज विकत कोण घेईल? कर्ज आधी बंद करण्याचं शुल्क लागलं तर ते मात्र आम्ही भरू.

"पैसे परत मिळणार नाहीत" असा शिक्का आमच्या पावतीवर नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, नुकसानीच्या मानाने अगदीच अवाजवी दंड लावणारा करार अनुचित धरला जातो. आम्ही दंड लावलेला नाही, वापरलेल्या महिन्यांचा फळ्यावरचा भाव घेतलाय. पटत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, किंवा ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकील लागतोच असंही नाही. आमची कागदपत्रं मागाल तेव्हा देऊ.

कर्जाचा खाते क्रमांक इथे लिहू नका. पावती घेऊन काउंटरवर या, फॉर्म तिथेच भरून घेऊ आणि शिक्का मारलेली प्रत तुम्हाला देऊ. पुढच्या हप्त्याच्या तारखेआधी आलात तर बरं. आणि तुमचे बूट अजून लॉकरमध्येच आहेत, तेही घेऊन जा.