पोरगी कुठची आहे वो?

सीताबर्डीत परवा पुन्हा तेच. बांगड्या दाखवता दाखवता दुकानदार माझ्या लेकीच्या डोळ्यांकडे बघून मला विचारतो, "पोरगी नेपाळची आहे का वो?"

पोरगी नागपूरची आहे. मेडिकल चौकाजवळ वाढली, पोह्यावर तर्री कमी पडली तर भांडते. तिची आई मणिपूरची, मी इथला. एवढंच. पण हे एवढंच दर आठवड्याला कुणाला तरी समजावून सांगा, आणि सांगून झालं की पुढचा प्रश्न तयार: "अन् तुमचं आडनाव काय?" आईचा चेहरा मोजून झाला, आता बापाची जात मोजायची!

हो, मोजायचीच. १९०१च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकाच्या रुंदी-उंचीवरून जातींचे वंश ठरवत होता. ते शास्त्र कधीच मोडीत निघालं. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो. पण रिस्लेची ती पट्टी लोकांच्या नजरेत अजून तशीच आहे. आणि हे कुठे? जिथे १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांसोबत लाखो माणसांनी जन्मानं चिकटवलेली ओळख टाकून दिली, त्या शहरात. दीक्षाभूमी त्या दुकानापासून ऑटोनं कितीशी लांब आहे? संताप होतो नुसता.

बांगड्या न घेताच निघालो. गाडीवर मागे बसून लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, मलाच काहून विचारतात सगळे?"