चार की पाच?

एप्रिलचा शेवट, देवगड, आणि लॉजच्या काउंटरवर घामेजलेला मी. "एकटेच?" मालकाने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागून कुणीतरी येत असेल अशी त्याला शेवटपर्यंत आशा होती. "एकट्याक रूम देत नाय." एकटा माणूस लॉजवर येतो तो पंख्याचा हूक बघायलाच, अशी त्याची समजूत असावी. मी लेखक आहे म्हटल्यावर तर त्याची खात्रीच पटली.

शेवटी एका बागायतदार काकांनी पडवी दिली. भाडं नको, पण हंगाम होता, हात हवे होते. मी हरखलो. मातीतलं, घामाचं काम! कादंबरीची दोन प्रकरणं तिथल्या तिथे मनात लिहून झाली.

सकाळी हातात झेला आला. लांब काठी, टोकाला जाळी आणि पातं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला. चौदा आणे तयार हापूस देठासकट जाळीत यायला हवा; देठ निखळला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. नाव झेला, पण मी एकही झेलला नाही. एक आंबा तर थेट काकांच्या खांद्यावर. आपटलेलं फळ पेटीत जात नाही, त्यामुळे दुपारपर्यंत घरच्या आठवडाभराच्या आमरसाची सोय मी एकट्याने केली.

"तुमी नेमका करतास काय?"

"लिहितो."

"मगे आधी सांगूचा नाय? अक्षर बरा आसा मा?" काकांनी खिशातून मार्कर काढला.

म्हणजे इथेही लेखनच. लाकडी पेटी एकाच मापाची; फळ मोठं तर चार डझन, मग पाच, सहा, लहान असेल तर आठसुद्धा. दर त्यावरच. मावशी पेंढा घालून आंबे लावायच्या, काका फळी ठोकायचे, मी वर आकडा घालायचो. संध्याकाळी वाशीचा टेम्पो दारात लागला आणि मावशींनी विचारलं, "ह्यो चार काय पाच?"

माझ्या ४ आणि ५ मध्ये फरक असतो तो शेपटीचा. संपादकांनी पूर्वी कुरकुर केली होती, पण संपादकांकडे हातोडी नसते. मी चष्मा लावला, पेटी उजेडात ओढली, मान तिरकी करून पाहिली. मलाच वाचता येईना. एकूण २६ पेट्या. टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय आणि काका एकेक फळी उचकटतायत. बोलले काहीच नाहीत. उपसलेला प्रत्येक खिळा मात्र माझ्यासमोर ओळीने मांडत गेले.

तरी निघताना एक पेटी बांधून दिलीच. एसटीत कंडक्टर सामानाचं तिकीट लावायला आला.

"एकटेच?"

"मी आणि ही पेटी."

"किती डझन?"

पेटीवरचं अक्षर माझंच होतं.